तुमचं मत विचारलेलं नाही

शिंगे साहेबांसमोर 'पंच' हा शब्द काढायची सोय नव्हती. आता कोल्हापुरात राहायचं आणि हा शब्द टाळायचा, म्हणजे अवघडच काम. इथं कुस्तीच्या मैदानात पंच, फुटबॉलच्या मैदानात पंच, भावकीची वाटणी असली की पंच, पोरीचा संसार मोडायला आला की पंच. साहेबांना कुस्तीचं वेड होतं, पण शिट्टी फुंकणाऱ्याला ते आवर्जून 'रेफरी' म्हणत. शेजारचा एखादा म्हातारा पैलवान मान वळवून बघायचा, की हे पावणं कुठल्या गावचं म्हणून.

मी त्यांची स्टेनो. कोल्हापूरच्या सत्र न्यायालयात ते चार वर्षं होते आणि त्या चार वर्षांत त्यांच्या तोंडून निघालेला प्रत्येक निकाल माझ्या बोटांखालून गेला. पुढं त्यांची बदली झाली, ते निवृत्त झाले आणि बायको गारगोटीची, म्हणून सासुरवाडीजवळ बरं पडेल असं म्हणत राजारामपुरीत फ्लॅट घेऊन राहिले. मीही तोवर निवृत्त झाले होते आणि त्यांच्या पुढच्याच गल्लीत राहत होते. फ्लॅट घेतला आणि दोन वर्षांत बाई गेल्या. मूलबाळ नव्हतं. मग सकाळी फिरायला जाताना ते माझ्या दाराशी थांबून हाक मारायचे, "पाटीलबाई, आहात का?" मी आतून म्हणायची, "हाय की साहेब, जाणार कुठं?" एवढ्यावर आमची सकाळ सुरू व्हायची.

त्यांच्या अपार्टमेंटमध्ये एकदा दोन बिऱ्हाडांचं पार्किंगवरून भांडण लागलं. एकाच्या स्कुटरमुळं दुसऱ्याचं दार उघडत नव्हतं. प्रकरण हातघाईवर आलं, तेव्हा दोघंही साहेबांकडं गेले आणि म्हणाले, "साहेब, तुम्हीच आमचे पंच व्हा." साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, "मी न्यायाधीश होतो. पंच कधीच नव्हतो आणि होणारही नाही. दोघांनी आपापलं म्हणणं लिहून आणा." आणलं बिचाऱ्यांनी. साहेबांनी खाली जाऊन टेपनं जागा मोजली, दोघांना समोरासमोर बसवून ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी चार पानी निकाल दिला. मुद्दे, निष्कर्ष, कारणं, शेवटी आदेश. स्कुटर दीड फूट सरकवावी, एवढाच तो आदेश. मला म्हणाले, "हसू नका. ज्याची स्कुटर सरकवायची, त्याला का ते कळलं पाहिजे."

हे 'का' त्यांचं दैवत होतं. बाकी देवधर्म त्यांनी काही केला नाही. कोर्टातही तसंच. निकाल सांगताना ते चेंबरमध्ये बूट काढून नुसत्या मोज्यांवर फेऱ्या मारायचे आणि शब्द अडला की कानाची पाळी चिमटीत धरायचे. 'सबब', म्हणजे 'म्हणून', हा कोर्टाचा आवडता शब्द. मी सवयीनं कुठं तो आधीच टाइप केला, तर ओरडायचे. "पाटीलबाई, सबब लिहायच्या आधी कारण पाहिजे. कारण नसलं तर ती घरातली सबब होते, बहाणा!" निकाल ते मराठीत द्यायचे, आणि आरोपीला शिक्षा झाली तर त्याला पुढं बोलावून कोणत्या पुराव्यावर झाली ते सोप्या भाषेत सांगायचे. म्हाताऱ्या साक्षीदाराला खुर्ची द्यायला लावायचे. साक्षीदार घाबरला तर म्हणायचे, "घाई नाही. आठवून सांगा. आज सगळा दिवस तुमचाच आहे." मी अनेक साहेब पाहिले. काही झोपायचे, काही खेकसायचे. हा माणूस ऐकायचा. हे मी आजही शपथेवर सांगीन, आणि म्हणूनच पुढचं सांगताना माझा मला राग येतो.

पंचांवर त्यांचा राग का, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. निवृत्तीनंतर ते लॉ कॉलेजात आठवड्यातून एकदा शिकवायला जायचे. एकदा हौसेनं मीही मागच्या बाकावर जाऊन बसले. विषय होता, निकाल लोकांनी द्यावा की न्यायाधीशानं. साहेब रंगात होते. इंग्लंडात बारा साधी माणसं बोलावून बसवतात आणि ती दोषी किंवा निर्दोष एवढंच सांगतात, का ते सांगत नाहीत. फ्रान्समध्ये न्यायाधीश आणि लोक एकाच खोलीत बसून चिठ्ठ्या टाकतात. जर्मनीत न्यायाधीशाच्या शेजारी दोन सामान्य माणसं बसतात आणि त्यांचं मत न्यायाधीशाच्या मताइतकंच मोजतात. जपाननं बंद पडलेली लोकांची खुर्ची एवढ्या वर्षांनी पुन्हा मांडली. आपल्याकडेही इंग्रजांच्या राज्यात ज्यूरी आली होती, ती आपण गुंडाळून ठेवली.

एका मुलानं विचारलं, "सर, बारा जण बरे की एकटा?"

साहेबांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "बारा जण म्हणजे बारा शेजारी. शेजारी न्याय कसा देतात, ते माझ्या घरानं भोगलंय." त्यांचं गाव सांगली जिल्ह्यातलं. बौद्ध धर्मांतरानंतर त्यांच्या वस्तीनं ठरवलं की गावची मेलेली जनावरं ओढायची नाहीत. देवळापुढं पाच पंच बसले आणि निवाडा झाला. वस्तीचं दळण बंद, पाणी बंद, मजुरी बंद. साहेबांचे आजोबा विचारायला गेले की आमचा गुन्हा काय. पंच म्हणाले, निवाडा झाला, आता बोलायचं नाही. "आजोबांना शेवटपर्यंत कुणी कारण सांगितलं नाही," साहेब म्हणाले. "माझ्या बापानं मला शाळेत घातलं ते एवढ्यासाठी, की घरात एक तरी माणूस असा असावा ज्याला कारण लिहावं लागेल. एकटा न्यायाधीश चुकेल. पण त्याची चूक कागदावर सापडेल आणि वरचं कोर्ट ती दुरुस्त करेल. पंच चुकले तर कागदच नसतो."

पोरं टाळ्या वाजवायला लागली. मीही वाजवल्या. तेव्हा आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं की साहेबांची चूक कागदावर सापडणार नव्हती, कारण ती कागदावरून मीच पुसली होती.

तो खटला शाहूवाडी तालुक्यातल्या एका वाडीचा. बांधावरून भांडण झालेल्या दोन चुलतभावांपैकी एकाचा दिवस मावळताना ओढ्याकाठी खून झाला. दुसरा, सदाशिव, आरोपी. सकाळी त्यांची जुंपलेली सगळ्यांनी पाहिली होती. ओढ्याच्या वाटेवर त्याला पाहिलं असं सांगणारा एक साक्षीदार होता. आणि सदाच्या भाताच्या पिंजराच्या गंजीतून कोयता निघाला होता. कोयता निघाल्याच्या पंचनाम्यावर दोन पंचांच्या, म्हणजे जप्तीच्या साक्षीदारांच्या, सह्या होत्या. पहिला तालुक्याच्या गावातला एक कारकून, त्यानं येऊन सगळं बरोबर सांगितलं. दुसरा वाडीतलाच एक म्हातारा, ज्ञानू नाना.

नाना पिंजऱ्यात चढला तो साक्षीदारासारखा चढलाच नाही. धुतलेला फेटा, इस्त्रीचा सदरा. साहेबांना नमस्कार केला तो वाकून नव्हे, बरोबरीच्या माणसाला करतात तसा. खुर्ची दिली तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, उभ्यानंच सांगतो." शपथ झाली. सरकारी वकिलांनी विचारलं, "आरोपीनं तुमच्यासमोर कोयता काढून दिला का?"

नानानं वकिलांकडं बघितलंसुद्धा नाही. घसा साफ करून तो साहेबांकडं वळला. "साहेब, आमी चौघं पंच देवळात बसलो हुतो. समद्यांला इचारलं. आमचा निवाडा आसा हाय की सदानं ह्ये केल्यालं न्हाय. त्येचं कारण आसं की—"

"थांबा," साहेब म्हणाले. इतक्या मोठ्यानं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "कोर्टात निवाडा तुम्ही करायचा नाही. तुमचं मत विचारलेलं नाही. विचारलं तेवढंच सांगा."

"व्हय, पन कारण—"

"पाटीलबाई, हे घेऊ नका."

मी 'कारण असे की' इथपर्यंत टाइप केलं होतं. एक कळ दाबून धरली आणि ते वाक्य एकेक अक्षर मागं जात पुसून गेलं. कोर्टात दोघं-तिघं हसले. सरकारी वकिलांनी साक्षीदार फितूर झाल्याचं जाहीर केलं. सदाचा वकील कोर्टानंच दिलेला, नवखा होता. तो उठून म्हणाला, "उलटतपास नाही." फितूर झालेला साक्षीदार म्हणजे आपल्याला फुकटचा फायदा, त्याला कशाला डिवचा, असा त्याचा हिशोब. साहेब नानाला म्हणाले, "झालं. जा तुम्ही." नाना इकडं-तिकडं बघत खाली उतरला.

शेवटी आरोपीला त्याचं म्हणणं विचारायचं असतं. साहेबांनी विचारलं, "तुला काही सांगायचंय?" सदा म्हणाला, "मी काय सांगू साहेब? पंचांनी सांगितलंय की." साहेबांनी माझ्याकडं बघून सांगितलं, "लिहा, मला काही सांगायचे नाही." मी लिहिलं.

जन्मठेप झाली. निकालपत्रात नानासाठी दीड ओळ होती. 'पंच क्रमांक दोन हा फितूर झाला असून त्याने आपले वैयक्तिक मत मांडण्याचा प्रयत्न केला, सबब त्याची साक्ष विचारात घेण्याचे कारण नाही.' वरच्या कोर्टात अपील गेलं, तिथंही हाच कागद वाचला गेला आणि निकाल कायम झाला. साहेबांना त्याचा आनंद झाला होता. चांगल्या रचलेल्या निकालाचा नमुना म्हणून त्याची एक प्रत त्यांनी स्वतःजवळ ठेवली होती.

तीच प्रत गेल्या वर्षी त्यांनी नावं बदलून लॉ कॉलेजातल्या पोरांना दिली. वर्गातली बारा पोरं ज्यूरी म्हणून बसवली. सगळा पुरावा वाचून दाखवला आणि सांगितलं, आता तुम्ही ठरवा. अर्ध्या तासानं पोरं खोलीतून बाहेर आली. अकरा जण म्हणाले दोषी. साहेबांचा चेहरा खुलला. बारावी एक मुलगी होती, शाहूवाडीकडचीच. ती म्हणाली, "सर, मला ठरवता येत नाही. एक विचारू? ह्या दोन नंबरच्या पंचाला त्याचं मत तसं का आहे ते विचारलं होतं का?"

"साक्षीदाराला मत विचारत नाहीत."

"तो साक्षीदार हाय हे त्याला माहीत होतं का, सर?" मुलगी म्हणाली. "आमच्याकडं पंच म्हंजे निवाडा करणारा. म्हाताऱ्या माणसाला कोर्टाचा कागद आला, त्यावर लिवलंय पंच. त्याला वाटलं आसंल, कोर्टानं आपल्याला निवाडा सांगायलाच बोलवलंय."

वर्ग हसला. साहेब हसले नाहीत. तास अर्धवट टाकून ते थेट माझ्या दाराशी आले. हाक न मारता नुसतेच उभे होते.

"पाटीलबाई, तो म्हातारा काय म्हणत होता? तुम्ही घेतलं होतं ना?"

मला आठवायला एक क्षणही लागला नाही. तीस वर्षांच्या नोकरीत हजारो वाक्यं खोडली, त्यातलं हे एकच कसं लक्षात राहिलं कुणास ठाऊक. मी म्हणाले, "त्याचं कारण असं की. इथपर्यंत. पुढचं तुम्ही 'नको' म्हणालात."

साहेबांनी कानाची पाळी धरली आणि बराच वेळ सोडली नाही. "कारण म्हणाला होता?" त्यांनी विचारलं. "तो कारण सांगणार होता?"

"व्हय साहेब."

"आणि मी नको म्हणालो."

आठ दिवसांनी ते गाडी ठरवून आले आणि म्हणाले, "चला." मी कुठं म्हणून विचारलं नाही.

वाडी रस्त्यापासून बरीच आत. गाडी खाली ठेवून आम्ही भाताच्या खाचरांच्या कडेनं चढलो. साहेब दोनदा धापा टाकत थांबले. ज्ञानू नाना ओट्यावरच होता. नव्वदीला टेकलेला, पण कान तिखट. त्यानं साहेबांना ओळखलं नाही. "या पावणं, कुठलं म्हनायचं?" म्हणाला आणि आतून पाणी मागवलं. साहेबांनी आपण कोण ते सांगितलं नाही. कोर्टाच्या जुन्या कामासाठी आलोय, सदाशिवच्या खटल्याबद्दल विचारायचंय, एवढंच म्हणाले. आवाज अगदी कोर्टातलाच. "घाई नाही नाना. आठवून सांगा."

"त्यात आठवायचं काय?" नाना म्हणाला. "त्या सांजंला माझा टिलर चिखलात रुतला हुता. मी, सदा आन् आनखी तिघं जन दोर लावून वढत हुतो. दिवस मावळला तरी वढतच हुतो. सदा हलला न्हाय तितनं. चार मानसांनी बगितल्यालं. वड्याचं रान तितनं दीड मैल लांब. कोयता म्हनाल, तर त्यो हितं घराघराच्या गंजीत घावंल."

"मग पोलिसांना सांगितलं नाही?"

"सांगितलं की. त्ये म्हनले कोर्टात सांगा. म्हनलो बरं."

"आणि ते तिघं? ते का आले नाहीत साक्षीला?"

नाना समजूत घातल्यासारखा हसला. "आवो, मला पंच म्हनून कोर्टानंच कागद धाडला हुता न्हवं? गावात वाचून दावला. समदी म्हनली, नाना, आता कोर्ट तुमालाच इचारनार, तुमच्या शब्दाफुडं कोन जातंय? उगं लावनीची कामं टाकून चार-चार जनांनी कशाला जायाचं? मग आमी देवळात बसून समद्यांचं ऐकून घेतलं आन् मी गेलतो सांगाय. सदाला बी तुरुंगात निरोप धाडला, काळजी करू नगंस, पंच येतोय."

हा निरोप सदानं वकिलाला सांगितला होता. तो वकील आता कोर्टात बडं प्रस्थ आहे. वाडीला निघायच्या आदल्याच दिवशी मी त्याला फोन केला होता, तेव्हा त्यालाही आठवलं. 'पंच आपल्या बाजूनं आहे' असं आरोपी म्हणाला, म्हणजे पंच फितूर होणार, असं तो समजला आणि खूश झाला. कोर्टाच्या भाषेत दुसरा अर्थच होत नव्हता. गावाच्या भाषेत दुसरा अर्थच होत नव्हता. या दोन भाषांमध्ये मी मशीन घेऊन बसले होते आणि दोन्ही मला येत होत्या.

"मग कोर्टात सांगितलंत?" साहेबांनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं, तरी विचारलं.

"सांगाय लागलो, तर न्यायाधीश म्हनला आत्ता इचारल्यालं न्हाय. म्हटलं आसंल, मोठं कोर्ट हाय, त्येंची येक रीत आसंल, मागनं इचारतील. भाईर बाकड्यावर बसून ऱ्हायलो. पाच वाजूस्तवर बसलो. मग शिपाई म्हनला, आजोबा, कोर्ट सुटलं."

"आणि सदा?"

"त्यो गेला की तुरुंगातच. सा वरसं झाली हुती. कावीळ झालती म्हनं."

साहेब उठून ओट्याच्या कडेला गेले आणि आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. मी शेजारी गेले तेव्हा हळू आवाजात, एखादा मुद्दा क्रमवार मांडावा तसं बोलत होते. "ज्यूरी असती तरी हेच झालं असतं, पाटीलबाई. बारा असोत नाहीतर बाराशे. मी म्हाताऱ्याचं तोंड बंद केलं, म्हणजे त्यांच्याही कानावर गेलं नसतं. वरच्या कोर्टाच्याही गेलं नाही. कागदावरच नव्हतं." मग म्हणाले, "निवाडा म्हणाला ना तो, तेव्हा मला हा नाना दिसलाच नाही. मला आमच्या गावचे ते पाच जण दिसले."

मी म्हणाले, "साहेब, तुम्ही मुद्दाम नाही केलं."

"असं सगळेच आरोपी म्हणतात," ते म्हणाले.

मग ते नानाकडं वळले आणि शेवटी आपण कोण ते सांगितलं. नानानं डोळे बारीक करून पाहिलं. राग नाही, लोभ नाही. साहेब म्हणाले, "नाना, तुम्ही चौघं पंच बसा. मला पुढ्यात घ्या. मी केलं त्याचा निवाडा करा. जो कराल तो मला मान्य." पंचांचं नाव काढू न देणारे साहेब स्वतःसाठी पंच मागत होते.

नाना मान हलवत राहिला. "चौघातलं तिघं गेलं, साहेब. आन् आता गावात कोन पंच मानतंय? बांध कोरला तरी पोरं कोर्टात जात्यात." आणि मग, पाहुण्याला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, अशा थाटात म्हणाला, "सदाची आई हाय वरल्या आळीला. भेटायचं आसलं तर चला."

कोल्हापुरात परतल्यावर दोन महिन्यांत साहेब गेले. त्या दोन महिन्यांत त्यांनी कुणालाच दार उघडलं नाही. मी रोज सकाळी जाऊन हाक मारायची, आतून खोकल्याचा आवाज यायचा, तेवढंच. त्यांनी कोर्टाला एक लांबलचक अर्ज लिहिला होता, स्वतःच्याच निकालाविरुद्ध मला साक्ष देऊ द्या म्हणून. आरोपी मयत, अपील निकाली, तुमचा संबंध नाही, अशा अर्थाचं दोन ओळींचं उत्तर आलं होतं. ते टेबलावर सापडलं. म्हणून मी साहेबांना खऱ्या अर्थानं शेवटचं पाहिलं, ते त्या वरच्या आळीतल्या अंगणातच.

म्हातारी दारात बसून सुपात तांदूळ निवडत होती. नानानं आम्हाला तिथंवर पोचवलं आणि तो मागंच थांबला. तिनं "या, बसा" म्हटलं. मी बसले. साहेब बसले नाहीत.

"आजी," ते म्हणाले, "मी त्या वेळचा न्यायाधीश. सदाशिवला जन्मठेप मी दिली. तो निर्दोष होता."

तिनं वर बघितलं. "तुमी दिली व्हय? मला वाटलं सरकारनं दिली."

"सरकारनं नाही. मी."

"आन् संगं कोन हुतं?"

"कुणी नव्हतं. मी एकट्यानं ठरवलं."

तिनं सूप खाली ठेवलं. मला वाटलं आता ही शिव्याशाप देणार, तळतळाट करणार. साहेब त्याचसाठी आले होते, मान खाली घालून उभे होते. ती पाहत राहिली त्यांच्याकडं. त्यांचे पिकलेले केस, चिखलानं भरलेले बूट. मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला बघवेना, कारण ती दया होती.

"येवढं मोटं काम येकट्या मानसाच्या डोस्क्यावर," ती म्हणाली. "लई जड गेलं आसंल बाबा तुमास्नी. जेवनसुदिक ग्वाड लागलं नसंल."

साहेबांनी मान वर केली. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी काहीतरी बोलावं, हो म्हणावं, असं त्यांना वाटत असावं. पण तो निकाल त्यांनी एका दुपारात सांगितला होता. एकही वाक्य बदलावं लागलं नव्हतं. संपल्यावर आळस देऊन ते म्हणाले होते, "पाटीलबाई, इतका सरळ खटला वर्षात एखादाच येतो," आणि आम्ही दोघांनी मिसळ मागवून पोटभर खाल्ली होती.

मी त्यांच्याकडं बघू शकले नाही. म्हातारीनं थोडा वेळ उत्तराची वाट पाहिली आणि मग सूप परत मांडीवर घेतलं.